वाडी ते चिखलदरा, मागे दीड टनाचा ट्रेलर: ब्लॉक टाकून फसू नका

ट्रेलर जोडला की पिकअप मागून बसते. त्यावर नागपूरजवळच्या वाडीच्या एका गॅरेजात गळ्यात मारलेला इलाज म्हणजे दीड इंचाचे ब्लॉक. "उंची वाढली की बसायचा प्रश्नच नाही." हे साफ खोटं आहे. ब्लॉक म्हणजे पाटे (गाडीचा भार पेलणारे कमानीसारखे स्प्रिंग) आणि ॲक्सल यांच्या मधला लोखंडी ठोकळा. पाट्यांची ताकद तो रतीभरही वाढवत नाही. गाडी पूर्वीइतकीच बसते, फक्त दीड इंच वरून. लांब शॅकलचंही (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी पट्टी) तेच, शिवाय शॅकल दोन इंच वाढवलं तर मागची उंची जेमतेम एक इंच वाढते.

कोंढाळी, तळेगाव, अमरावती, परतवाडा इथपर्यंत काहीच कळत नाही. खरी परीक्षा परतवाडा-चिखलदरा घाटात. चढावरच्या वळणांवर स्टेअरिंग हलकं पडतं, पहिल्या गिअरला क्लच सोडताना मागून धडधड येते आणि उतारावर ब्रेक दाबला की मागची चाकं जणू कामच करत नाहीत.

धडधडीचं कारण ब्लॉकच: ॲक्सल पाट्यांपासून लांब गेला की जोर लागताना पाट्यांना जास्त पिळतो. स्टेअरिंगचं गणित वेगळं आहे. दीड टनाच्या ट्रेलरचा हूकवर १० ते १५ टक्के, म्हणजे १५० ते २२५ किलो भार हवा. हूक मागच्या ॲक्सलपासून १.२ मीटर मागे आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) ३ मीटर धरला, तर हूकवरच्या १५० किलोंचे मागच्या ॲक्सलवर २१० होतात आणि पुढची चाकं ६० किलोंनी हलकी होतात. बसू नये म्हणून ट्रेलरमधला माल मागे सरकवाल तर ट्रेलर शेपटीसारखा डोलेल. ते त्याहून वाईट.

ब्रेकची गोष्ट गॅरेजवाला सांगतच नाही. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो, म्हणजे भाराप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा. चेसिस आणि ॲक्सलमधलं अंतर वाढलं की तो गाडी रिकामी समजतो आणि मागचा ब्रेक कमी करतो. उंची बदलली की ही दांडी कंपनीच्या मापाने पुन्हा लावायलाच हवी. मागच्या पाट्यांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, म्हणजे एअर बॅग, बसवल्या तरी हा नियम सुटत नाही.

म्हणून आधी टेप घ्या. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही चाकांवर माप घ्या, आधी रिकाम्या गाडीचं, मग ट्रेलर जोडून. पुढची बाजू किती उचलली, त्याकडे जास्त लक्ष द्या.

रोजचं ओढकाम असेल तर जादा पाटा टाका. रिकाम्या गाडीत हादरे बसतील, ते सोसा. आठवड्यातून एखादा फेरा असेल तर एअर बॅग, पण दोन्ही बाजूंना स्वतंत्र नळी हवी. एकच नळी असली की वळणावर बाहेरच्या बॅगेतली हवा आतल्या बॅगेत जाते आणि गाडी आणखी कलते. रिकाम्या गाडीतही किटवर लिहिलेली किमान हवा ठेवा, नाहीतर बॅग चिमटून फाटते. सायलेन्सरच्या पाइपपासून ती लांब आहे ना, हे वाकून बघा. यातल्या कशानेही आरसी बुकावरचं वजन वाढत नाही, आणि आरसीवरची नोंद कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे करता येत नाही.

आता त्या गॅरेजचं बिल. त्यात चार नवे यू-बोल्ट (पाटे आणि ॲक्सल एकत्र आवळणारे) लावलेले होते. बसवलेल्यांवर काळा रंग ताजा, पण नखाने खरवडला की खाली गंज आणि चेपलेले आटे. दुसऱ्या गाडीचे काढलेले. एकदा आवळलेला यू-बोल्ट ताणलेला असतो, पुन्हा वापरला तर ढिला पडतो. मग पाट्यांच्या मधून जाणारा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकतो. नवे बोल्ट डोळ्यांसमोर पुडीतून काढायला लावा, गाडी चाकांवर उभी करून नट फुलीच्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळून घ्या. अमरावतीला थांबून पुन्हा एकदा आवळा, घाट चढण्याआधी.