वाए रेबो, एक रात्र आणि आत्याचे गुडघे

लाबुआन बाजोच्या विमानतळातून बाहेर पडलं की टॅक्सीवाला विचारतोच, "कोमोडो?" फ्लोरेस बेटावर येणारी बहुतेक मंडळी तिथल्या बंदरातून बोटीत बसतात, ते अजस्र सरडे बघतात आणि बालीला परत जातात. बोटीचा दिवस आम्हीही ठेवला होता, पण शेवटी. त्याआधी मला आत्याला घेऊन वाए रेबोला जायचं होतं. आत्या 63 वर्षांची. जावळीच्या खोऱ्यात वाढलेली, मग जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. "चढ किती आहे?" एवढंच तिने विचारलं होतं. मी म्हटलं, दोन तास. खोटं नव्हतं ते, फक्त तिथल्या पोरांच्या पायांचे दोन तास होते.

वाए रेबो हे फ्लोरेसच्या पश्चिम भागातल्या मांगाराई लोकांचं गाव. चारी बाजूंनी डोंगर, मध्ये गवताचं मैदान, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंच, आणि त्या मैदानात अर्धवर्तुळात उभी सात शंकूच्या आकाराची घरं. गावापर्यंत गाडीरस्ता नाही. फोटो तुम्ही पाहिले असतील. त्यात दिसत नाही ती एक गोष्ट म्हणजे या गावात येणारं आणि गावातून जाणारं सगळं माणसाच्या पाठीवरून येतं-जातं. तांदूळ, तेल, साखर, गाद्या, सिमेंट वर, कॉफी खाली.

आधी तिथवर पोचायचं कसं ते सांगते. भारतीय पासपोर्टवर इंडोनेशियाचा 30 दिवसांचा व्हिसा विमानतळावर मिळतो, 5 लाख रुपियाला. ऑनलाइन आधीच काढला तर रांग वाचते. बालीतून जाणार असाल तर तिथला दीड लाखाचा पर्यटक कर वेगळा. आकडे ऐकून घाबरू नका, 1 लाख रुपिया म्हणजे आपले सव्वापाचशेच्या आसपास. बालीहून लाबुआन बाजोचं विमान तासाभराचं. तिथून पुढे गाडी करायची आणि पाच-सहा तास घाटातून डुलत डेंगे नावाच्या गावी जायचं. गाडी लागत असेल त्यांनी गोळी आधी घ्यावी, निम्म्या वाटेत घेऊन उपयोग होत नाही. रोख पैसे लाबुआन बाजोलाच काढा (किंवा रुतेंग या डोंगरातल्या शहरामार्गे येणार असाल तर रुतेंगला). डेंगेत एटीएम शोधणारे दोन युरोपियन आम्हाला भेटले. त्यांचे चेहरे आठवले की अजून वाईट वाटतं.

आमचा चालक "रस्ता माहीत आहे" म्हणाला होता. रस्ता त्याला माहीत नव्हता. लेंबोरची सपाट भातशेती मागे पडल्यावर तो एका गावात आत शिरला, तिथून दुसऱ्या गावात, आणि मग तासभर आम्ही ज्याला त्याला विचारत राहिलो. त्यामुळे समुद्रकाठचा दिंतोरचा पट्टा, समोरचं मुलेस बेट, हे सगळं जे दुपारच्या उन्हात बघायचं ते जेमतेम संधिप्रकाशात दिसलं. म्हणून सल्ला असा: वाए रेबोला याआधी गेलेलाच चालक मागा, आणि तरी पहाटे निघा. डेंगेला पोचलो तेव्हा मिट्ट काळोख होता. तिथे घरगुती राहण्याच्या खोल्या आहेत, साध्या नि स्वच्छ. त्या रात्री वर जाण्याचा विचारसुद्धा करू नये.

सकाळी सातला गावातला वाटाड्या आला. वाटाड्या स्थानिकच घ्यायचा, त्यात घासाघीस नाही. फ्लोरेसमध्ये मोठ्या बाईला हाक मारताना "मामा" म्हणतात आणि पुरुषाला "बापा". आत्याला त्याने "मामा" म्हटल्यावर ती इतकी हसली की काठी हातातून पडली. पुढे दोन दिवस ती सगळ्या गावाची मामा होती.

डेंगेपासून वाए लोंबा नावाच्या ओढ्यापर्यंत मोटरसायकलवर मागे बसून जाता येतं. ती घ्याच. या पट्ट्यात चालण्याने पुण्य लागत नाही. ओढ्यापासून खरी पायवाट सुरू होते, साधारण साडेचार किलोमीटर, आणि पहिला निम्मा भाग चढाचाच. झाडी दाट, वाट नीट राखलेली, पण ओलसर. पोचो रोको या दुसऱ्या टप्प्यावर कठडा आहे आणि हवा स्वच्छ असेल तर खाली समुद्र दिसतो. आम्हाला धुकं दिसलं. नोव्हेंबर ते मार्च पाऊस असतो, तेव्हा जळवाही असतात. मे ते ऑक्टोबर बरं. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी. बूट खाचांच्या तळाचे, जमीन घट्ट पकडणारे हवेत. माझे शहरातले पळण्याचे बूट दोनदा सटकले.

आत्याने चढाला तीन तास घेतले. त्या तीन तासांत दोन बायका आणि एक पोरगा आम्हाला मागून गाठून पुढे निघून गेले. बायकांच्या पाठीवर तांदळाचं पोतं, त्याचा पट्टा कपाळावरून घेतलेला. एकीच्या पायात रबरी चपला. आदल्या रात्री आत्या माझ्याशी हुज्जत घालत होती, की चटईवर झोपायला माणशी सव्वातीन लाख, म्हणजे सतराशे रुपये, कशाचे? (आम्ही गेलो तेव्हाचा हा दर, जेवणखाण धरून, निघण्याआधी ताजा विचारा.) गावाच्या उंचीवर भात पिकत नाही. कॉफी विकायची आणि खालून तांदूळ विकत आणायचा, असा हिशोब. आत्याने त्या पोत्याकडे बघितलं, वाटाड्याला किलोंचा अंदाज विचारला, आणि दराचा विषय पुन्हा काढला नाही. "आई मेढ्याच्या बाजाराला अशीच जायची," एवढं म्हणाली, "पण आमचा पट्टा नव्हता, चुंबळ होती."

गावाच्या अलीकडे शेवटचा टप्पा लागतो, नांपे बाकोक. तिथल्या खोपटात पोकळ बांबू टांगलेला आहे. वाटाड्या तो वाजवतो: पाहुणे येताहेत. इथून खाली सातही घरं एकदम दिसतात आणि हात आपोआप मोबाईलकडे जातो. थांबा. आधी गावात जायचं, मुख्य घरात, म्हणजे नियांग गेंदांगमध्ये. तोवर फोटो काढायचे नाहीत, कुठे रेंगाळायचं नाही.

बूट काढून वाकून आत गेलो. डोळ्यांना काही दिसेना, फक्त धुराचा वास. मग हळूहळू चुली दिसल्या, वर टांगलेले ढोल आणि घंटा, आणि भिंतीशी बसलेले एक आजोबा. त्यांनी मांगाराई भाषेत पुटपुटत पूर्वजांना कळवलं की ही माणसं आली आहेत, त्यांना सांभाळा, सुखरूप परत जाऊ द्या. याला वाएलू म्हणतात. वाटाड्यामार्फत थोडी दक्षिणा ठेवायची. किती, ते त्यालाच विचारा. आत्या पदर नसताना पदर सावरल्यासारखं करून बसली होती.

या घराला म्हणतात म्बारू नियांग. आतून वर पाहिलं की माळ्यावर माळा, असे पाच मजले. खालचा लुतुर राहण्याचा. त्यावर लोबो, तिथे धान्य आणि सामान. त्यावर लेंतार, बियाण्याचा. मग लेंपा राए, दुष्काळासाठी राखून ठेवायच्या धान्याचा. अगदी टोकाला हेकांग कोदे, पूर्वजांच्या नैवेद्याचा. बियाणं खाण्याच्या धान्याच्या वर, आणि दुष्काळाची बेगमी बियाण्याच्याही वर. हात सहज पोचू नये अशी सोय! लाकडं खिळ्यांनी नाही, वेताने बांधलेली. छप्पर गवताचं आणि ताडवर्गीय झाडाच्या काळ्या तंतूंचं, थेट जमिनीपर्यंत उतरलेलं. मुख्य घरात आठ कुटुंबं राहतात. धूर त्रासदायक वाटतो खरा, पण त्याच धुराने लाकूड आणि शाकारणी टिकते. आपल्याकडच्या जुन्या चुलीच्या घरांसारखंच.

ही सात घरं मात्र अखंड उभी नव्हती. 2008 च्या सुमारास चारच उरली होती, त्यातलीही काही मोडकळीला आलेली. योरी आंतार या इंडोनेशियन वास्तुविशारदाच्या पुढाकाराने पैसा उभा राहिला, पण बांधणी गावकऱ्यांनीच केली. जुनं घर उतरवताना तरुण पोरं म्हाताऱ्यांकडून गाठी शिकली. 2012 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धनातला सर्वोच्च पुरस्कार गावाला मिळाला. मूळ पुरुष एंपो मारो, तो सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ प्रदेशातून आला असं गाव सांगतं. मुसांग म्हणजे उदमांजर इथे मारत नाहीत, खात नाहीत. पूर्वजांच्या कथेत ते येतं.

दुपारी तीनच्या सुमाराला दिवसाचे पाहुणे उतरायला लागले आणि गाव एकदम सैल झालं. माझं आग्रहाचं सांगणं हेच: मुक्काम करा. सकाळी येऊन दुपारी उतरणाऱ्यांना फोटो मिळतो. बाकीचं सगळं चारनंतर असतं. पोरांनी मैदानात चेंडू काढला. मध्यभागी दगडांचा गोल चौथरा आहे, चोंपांग. आपल्या पारासारखा दिसतो, पण त्यावर चढायचं नाही, ती पूजेची जागा. आम्हाला वाटाड्याने आधीच सांगितलं म्हणून बरं, नाहीतर आत्या तिथेच पाय सोडून बसली असती.

"शाळा कुठंय?" हा तिचा पहिला प्रश्न. शाळेसाठी मुलं खाली कोंबो गावात राहतात, सुट्टीत वर येतात. म्हणून काही कुटुंबांचं अर्धं बिऱ्हाड खाली आणि अर्धं वर. "म्हणजे आमच्यासारखंच," आत्या म्हणाली. तिचं अर्धं खोरं पुण्या-मुंबईत आहे.

एका घरामागे दोन बायका भाजलेली कॉफी कांडत होत्या. लाकडी उखळ, दोन उंच मुसळं, आळीपाळीने ठोका. आत्या उभी राहिली, बघितलं, आणि हात पुढे केला. पहिले चार ठोके चुकले, मुसळावर मुसळ आदळलं. मग बाईने तोंडाने ताल धरला आणि जमलं. उखळातून वर येणारा तो वास मी विसरणार नाही. मग चाळण, चाळणीत उरलेलं पुन्हा उखळात. वीस मिनिटांनी आत्याच्या कपाळावर घाम आणि भुवयांवर कॉफीची पूड. अर्धा किलो आम्ही तिथूनच घेतली. कॉफी आणि सोंगके हे विणलेलं कापड गावातच घ्या, भाव करू नका. पोरांना चॉकलेटं वाटू नका.

पाहुण्यांच्या घरात सगळे एकाच गोल खोलीत, भिंतीकडे डोकी करून झोपतात. चटई, पातळ गादी, उशी, घोंगडी मिळते, तरी एक स्वेटर हवाच. संडास-न्हाणीघर मागे, पाणी बर्फासारखं. वीज संध्याकाळी काही तास, मोबाईलला रेंज धरून चालू नका. बॅटरी पॅक आणि विजेरी न्या. जेवणात भात, अंडं, कोंबडी, उकडलेला पाला. शाकाहारी असाल तर डेंगेहूनच निरोप धाडा: "तान्पा दागिंग, तान्पा इकान", म्हणजे मांस नको, मासे नकोत. एवढं करूनही सांबाल नावाच्या ठेच्यात बहुधा सुकटीचा तेरासी असतो. मी हे आत्याला सांगायच्या आत तिने दोन चमचे संपवले होते. "चांगला झालाय," म्हणाली, आणि सोमवार होता हे आम्ही दोघींनी नंतर विसरायचं ठरवलं.

मांगाराई तर सोडाच, इंडोनेशियनही आम्हाला येत नव्हती, पण नामा, गुरू, मनुसिया, सुआमी, इस्त्री हे शब्द तिकडेही आहेत. "साया गुरू," आत्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, आणि त्यानंतर तिला कॉफीचा दुसरा कप न मागता मिळाला. एका म्हातारीने सुपारी पुढे केली. पानाऐवजी तिथे त्याच वेलीचं लांबट फळ चुन्यात बुडवून चावतात. चव आपल्याच पानाची, फक्त रागावलेली.

रात्री धुकं मैदानावर उतरलं आणि घरांची फक्त टोकं उरली.

उतरताना गुडघ्यांची परीक्षा चढापेक्षा जास्त. काठी दोन्ही वेळा हवीच, आणि सामान जड असेल तर हमाल करा, त्याचे पैसे थेट त्यालाच द्या. परतीला आम्ही रुतेंगमार्गे गेलो. चांचारची, कोळीकिड्याच्या जाळ्यासारखी गोल भातशेती वाटेत आहे. मधल्या बिंदूपासून कुटुंबागणिक पाचरी कापलेल्या. छोट्या टेकडीवरून अर्ध्या तासात बघून होते. रुतेंगजवळ लियांग बुआची गुहाही आहे, जिथे 2003 मध्ये मीटरभर उंचीच्या आदिमानवाचा सांगाडा सापडला. ती आम्ही वगळली, कारण गाडीतून उतरायला आत्या तयार नव्हती.

शेवटच्या दिवशी कोमोडोची बोट. बेटाला लागल्यावर वनरक्षक काठी घेऊन पुढे झाला, सगळे उतरले. आत्या डेकवर पाय पसरून बसलेली, दोन्ही गुडघ्यांना अमृतांजन चोपडलेलं. "सरडे आमच्या कुंपणावर पुष्कळ," ती म्हणाली. "तू ये बघून."