काळ्या पाषाणाची गोधडी: पोकळी निम्मी भरली

आकार 90 बाय 120 सेंटिमीटर, भिंतीवर टांगायची. विषय म्हणजे बेसॉल्टमधली, म्हणजे काळ्या पाषाणातली, एक पोकळी आणि तिच्यात वाढलेले स्फटिक. मराठवाड्यात विहीर खोदताना किंवा खदानीवर गारगोट्या म्हणून बाजूला फेकतात, त्याच. धावदोरा पूर्ण झालाय, पोकळीची कड आणि स्टिल्बाइट या खनिजाचा निम्मा थर भरलाय. अपोफिलाइट हे दुसरं खनिज राहिलंय.

दख्खनचा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले, आणि नंतर त्या पोकळ्यांत झिरपलेल्या गरम पाण्यातून खनिजं भिंतीकडून आत वाढत गेली. मणीही त्याच क्रमानं लावायचे: आधी कड, मग आतला थर, आणि सगळ्यात उशिरा आलेलं खनिज सगळ्यांच्या वर. उलट्या क्रमानं भरलं की कितीही चमकलं तरी ते नुसतं दागिन्यासारखं दिसतं.

काळा रंग लोखंडाचा. 5 लिटर पाण्यात अर्धा किलो गूळ आणि किलोभर गंजके खिळे, दोन-तीन आठवडे. उन्हाळ्यात लवकर होतं. तोंड फडक्यानं बांधा, घट्ट झाकण लावू नका; वायू साठतो. धुतलेला मांजरपाट 100 ग्रॅमला 20 ग्रॅम हिरडा पूड या हिशोबानं रात्रभर भिजवून न खळबळता वाळवायचा. मग गाळलेलं लोखंडपाणी चौपट पाण्यात मिसळून दोन-तीन मिनिटांची बुडी, आणि वाऱ्यावर वाळवणं. जास्त काळा हवा असेल तर पुन्हा बुडी द्या, पण पाणी दाट करू नका. लोखंड आणि आम्ल दोन्ही सुती धागा खातात. दाट पाण्यातलं कापड वर्षा-दोन वर्षांत घडीवर फाटतं. शेवटी खडूच्या पुडीच्या पाण्यातून काढलं की उरलेलं आम्ल मरतं.

लाव्ह्याचे दोन थर दाखवलेत, मध्ये जुन्या इरकल लुगड्याची तांबडी पट्टी. घाटात रस्ता कापलाय तिथं असा तांबडा मातकट थर दिसतो. बारीक बुडबुडे प्रत्येक थराच्या वरच्या भागात दाट आणि खाली विरळ, कारण वायू वर चढतो. सगळीकडे सारखे ठिपके दिले की तो दगड राहत नाही, छापील कापड होतं.

मधल्या थराला पॉलिस्टरचं भरण घेतलं नाही. फुगीर भरणात मणी रुततात आणि भोवती खड्डे पडतात. जुन्या धोतराचे दोन पदर पुरतात, पण ते आधी ओढून बघा, विरलेले असतील तर मण्यांचं वजन पेलणार नाही. धावदोरा पोकळीपासून बाहेर घातला, सेंटिमीटरला तीन टाके, दोन ओळींत 7 मिलिमीटर. बाहेरून आत आलं असतं तर सैल कापड नेमकं पोकळीवर गोळा झालं असतं. पोकळीमागे बकरमचा, म्हणजे ताठ अस्तराच्या कापडाचा, तुकडा, कडेपेक्षा 4 सेंटिमीटर मोठा.

कड कॅल्सिडनी या खनिजाची: राखी-पांढऱ्या दोऱ्यानं साखळी टाक्याच्या चार ओळी, मणी एकही नाही. कॅल्सिडनी मेणासारखी मिणमिणते, चकाकत नाही. तिथं टिकल्या लावल्या तर आतल्या स्फटिकांची चमक वाया जाते.

स्टिल्बाइटची वाढ मध्ये आवळलेल्या ज्वारीच्या पेंढीसारखी. त्यासाठी फिक्या नारिंगी हिमरूचे, म्हणजे विणलेल्या नक्षीच्या कापडाचे, तुकडे घेतलेत. हिमरूच्या पाठीला जादा बाण्याचे धागे सुटे असतात, त्यामुळे कापलं की उसवतं. आधी मागून पातळ चिकट अस्तर इस्त्रीनं बसवा, मगच कात्री लावा. पेंढीच्या टोकांना 6 मिलिमीटरचे नळीचे मणी. यांच्या काचेच्या कडा दोरा कापतात, म्हणून प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना एकेक बारीक गोल मणी ओवायचाच. दोरा नायलॉनचा, मेण लावलेला. सुती दोरा इथं टिकत नाही. दर तीन मण्यांनी मागे येऊन टाका पक्का करा, म्हणजे एक तुटला तरी ओळ सुटत नाही. ओढ मात्र बेतानं. बकरम असूनही कापडाला सुरकुती पडते आणि ती नंतर निघत नाही.

रंगवलेले मणी लावण्याआधी गरम साबणपाण्यात तासभर आणि मग पांढऱ्या फडक्यावर आठवडाभर उन्हात. नारिंगीत हमखास एखादा प्रकार पांढरा पडतो.

अपोफिलाइट हिरवं हवं. जालन्याकडचं हिरवं अपोफिलाइट संग्राहकांत नावाजलेलं आहे. चौकोनी मनोरे करायचेत: ऑर्गंझा या पातळ पारदर्शक कापडाचे दुहेरी त्रिकोण, पायाला 15 मिलिमीटर, चार जोडून उभे. कडा मेणबत्तीच्या आचेवर वितळवून बंद होतात, पण पॉलिस्टरच्याच. रेशमी ऑर्गंझा नुसता जळतो. निळे मणी घालायला हात शिवशिवतो खरा. पण निळं खनिज म्हणजे कॅव्हन्साइट, तो पुण्याजवळच्या वाघोलीचा, इथं त्याचं काम नाही.

मनोरे बसल्यावर इस्त्री बंद, म्हणून पाठीमागचा 10 सेंटिमीटरचा दांडीचा खोळ आत्ताच शिवून घेतोय. खोळ पाठीच्या कापडालाच नको, मधल्या पदरापर्यंत टाका गेला पाहिजे, नाहीतर टांगल्यावर सगळं वजन एकट्या अस्तरावर येतं.