माळढोक आणि माझी लेक

सोलापूर-बार्शी रस्त्यावरचं नान्नज मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या सहलीत. विज्ञानाच्या सरांनी आम्हाला गवतात गप्प बसवलं. बऱ्याच वेळानं लांबवर माळढोक दिसला, मान ताठ ठेवून एकेक पाऊल टाकणारा. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरतो, आणि तरी उडतो! "याला झाडं नकोत, गवत हवं," एवढंच सर म्हणाले. माळ म्हणजे पडीक जमीन, ही समजूत माझ्यापुरती तिथेच संपली.

आज माझी लेक बालवाडीत आहे. तिला माळढोक सांगताना 'हा पक्षी संपत चाललाय' इथून मी सुरुवात केली नाही. लहान मुलाला आधी पक्षी आवडू द्यावा, काळजी मागून येतेच, असं माझं ठाम मत आहे. आम्ही दोघं नराची नक्कल करतो. गळ्याची पिशवी फुगवायची, शेपूट उभारायचं आणि खोल आवाजात घुमायचं! तो नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरं खातो हे तिला पाठ आहे. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते हे ऐकल्यावर तिनं लगेच विचारलं, "कुत्र्यानं खाल्लं तर?"

मग विजेच्या तारांचंही सांगावं लागलं. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यानं त्याला समोरचं नीट दिसत नाही, आणि जड अंग ऐनवेळी वळत नाही. "मग तारा जमिनीखाली घाला ना, बाबा." सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातसाठी जवळपास हेच सांगितलं होतं, २०२४ मध्ये तो आदेश शिथिल झाला. याचं मला फार वाईट वाटतं.

नान्नजचं अभयारण्य १९७९ चं, पण तिथे आता माळढोक क्वचितच दिसतो. देशात उरलेले बहुतेक जैसलमेरकडे आहेत. तिथल्या प्रजनन केंद्रात २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्मलं, त्याचा फोटो लेकीनं कपाटावर चिकटवलाय. तरीही मी तिला नान्नजलाच नेतो. काळवीट, खोकड, चंडोल दिसतात, आणि नशीब असेल तर लांडगा.

शाळेला एक विनंती. नान्नजची सहल तिसरी-चौथीपासूनच सुरू करावी. दुर्बिणी मी देईन, आणि रजा काढून सोबतही येईन.