आमची वाटचाल: न आटणाऱ्या लोकरीचा मोसम

नाताळच्या झाडाला टांगायचे लोकरीचे गोळे, तारे, चिमुकले हातमोजे, स्नोमॅन. आमचा माल एवढाच. विणायचा, मग गरम पाण्यात आटवून फेल्ट करायचा, म्हणजे टाके दिसेनासे होऊन दाट, घट्ट लोकरी कापड होतं. सुरुवातीपासून हेच करतो आणि ॲक्रिलिकला हात लावत नाही.

धंदा बुडायची वेळ आली ती पांढऱ्या लोकरीमुळे. पुरवठादार नेहमीचा, नाव तेच, लेबलवर "100% लोकर". स्नोमॅनचा अख्खा लॉट विणून मशीनमध्ये घातला, तर बाहेर आले ते लांबुळके, ढिले, टाका न् टाका मोजता येईल असे. लोकर सुपरवॉश होती, म्हणजे मशीनमध्ये धुतली तरी आटू नये अशी प्रक्रिया केलेली. लोकरीच्या केसावर खवले असतात. उष्णता, ओलावा आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि माघारी फिरत नाहीत, त्यातूनच फेल्ट होतं. सुपरवॉश करताना क्लोरीनने हे खवले बोथट करतात, वर रेझिनचा पातळ थर देतात. मग कितीही उकळा, काही होत नाही. पुरवठादाराचं उत्तर होतं, "लोकर ती लोकरच ना?" पैसे परत मिळाले नाहीत. हे आजही खुपतं.

माल वाचला तो एकाच कारणाने: न आटलेलं विणकाम उसवता येतं. सगळे स्नोमॅन उसवले, लोकर वाफवून सरळ केली आणि 6 मिमीऐवजी 3.5 मिमीच्या सुयांवर तिचे छोटे मोजे विणले. ते फेल्ट करायचेच नव्हते. स्नोमॅन पिंजलेल्या लोकरीचे, विणायच्या नव्हे तर फेल्टिंगच्या सुईने टोचून टोचून केले. आकार बांधायला 36 नंबरची सुई, मग 38, शेवटचा हात 40 नंबरची. नंबर वाढेल तशी सुई बारीक. खाचा असलेली ही सुई ज्या कोनात आत जाते त्याच कोनात बाहेर यायला हवी. आत असताना जरा तिरकी केली की टोक तुटून गोळ्यात राहतं. झाडाखाली मुलं खेळतात, म्हणून तुटलेला तुकडा सापडेपर्यंत तो नग बाजूलाच ठेवायचा.

त्यानंतरची वर्षं सुरळीत गेली, लिहिण्यासारखं काही नाही.

मात्र एक बाई पहिल्या मोसमापासून लाल गोळेच नेतात, आणि नवा गोळा जुन्याशेजारी टांगून बघतात. माप जराही हललं तर परत. त्यांच्यामुळे प्रत्येक लॉटचा तुकडा विणून, आटवून, लॉट नंबरासकट जपायची शिस्त लागली, कारण एकाच कंपनीचा गडद लाल आणि फिका राखाडीसुद्धा सारखा आटत नाही.

गोळ्याचा हिशेब असा. जरा जाड लोकर, दोन्हीकडे टोक असलेल्या सुया, 12 टाके. एकाआड एक ओळीत 6-6 वाढवत 36 पर्यंत, मध्ये 14 ओळी सरळ, मग त्याच क्रमाने घटवत या. वीण मुद्दाम सैल हवी. घट्ट विणलं तर केसाला हलायला जागाच राहत नाही. उंची रुंदीपेक्षा जास्त आटते, म्हणून विणताना गोळा अंडाकृती दिसला तर घाबरू नका. भरायचं तोंड सुती दोऱ्याने टाचा, नाहीतर कडा पसरून वेड्यावाकड्या होतात. सुती दोरा आटत नाही, नंतर ओढून काढता येतो. चेनच्या उशीच्या अभ्र्यात घालून जुन्या जीन्सबरोबर 60 अंशांवर फिरवा. साबण थोडाच, फार फेस झाला की घासणं कमी होतं. लाल आणि पांढरं एकत्र कधीच नाही. दर पाच मिनिटांनी बघा, टाके दिसेनासे झाले की थांबवा. जास्त आटलेलं परत सैल होत नाही. शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर, मग ओलं असतानाच लोकरीचे कातरण ठासून भरा आणि तळहातांत वळा.

आमचेच नमुने उचलून कुणीतरी ॲक्रिलिक फेल्टच्या शीटचे तारे गोंदाने चिकटवून "अस्सल लोकर" म्हणून निम्म्या भावात विकतं. धागा जाळून बघा: लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळून काळा, कडक मणी होतो.

आणि नवीन लोकर घेताना लेबल वाचत बसू नका. दोन टोकं उसकटून एकावर एक ठेवा, ओली करा, तळहातांत जोरात चोळा. जुळली तर लोकर आटेल. सुटली तर पांढरी असो वा रंगीत, दुकानदाराला तिथेच परत द्या. माल घरी आणल्यावर दुकानदार ओळख दाखवत नाही.