हे मिनिट्समध्ये घ्या

मे महिन्यातली दुपार. बाहेर 45 अंश, आत कूलरच्या ओल्या ताट्यांचा वास, आणि समोर एका संचालकांचा मेल : ‘परिच्छेद चारमधलं माझं वाक्य काढावं. मी तसं म्हणालो नव्हतो.’ म्हणाले होते. चांगला टेबलावर हात आपटून म्हणाले होते. पण इतिवृत्ताचा, म्हणजे सभेच्या मिनिट्सचा, मसुदा पाठवल्यावर हरकत घ्यायला सात दिवस असतात, ते अजून उलटायचे होते, आणि वाक्यही तसं बिनकामाचंच होतं. काढलं.

कंपनी सेक्रेटरीच्या, म्हणजे माझ्या, कामात हे पाप धरत नाहीत. 2013च्या कंपनी कायद्यातलं 118वं कलम अध्यक्षांना तशी मोकळीकच देतं. कुणाची बदनामी करणारं, विषयाला सोडून असलेलं, कंपनीच्या हिताला बाधणारं असं काही इतिवृत्तात घ्यायचं नाही, आणि ते तसं आहे की नाही हे अध्यक्षच ठरवणार. नोंद मात्र 30 दिवसांत वहीत चढली पाहिजे. पानांना ओळीने क्रमांक, वरून कागद चिकटवायचा नाही, वही कायमची जपायची. चढलेल्या नोंदीत कुणी फेरफार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे लिहिण्याआधी खुशाल गाळा, लिहून झाल्यावर हात लावाल तर तुरुंग. मला हा न्याय फार आवडतो.

गाळायचं कसं, हे मात्र मी कायद्याच्या पुस्तकातून शिकले नाही. बाबा आमच्या ले-आऊटच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिव होते आणि सभा आमच्याच गच्चीवर भरायची. नोटिशीत पाचची वेळ. पाचला कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, कधीच नसे. मग सभा तहकूब, आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच सतरंजीवर पुन्हा सुरू. तोवर आलूबोंडे आलेले असत, आणि त्यांच्या वासावर उरलेले सभासदही. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय क्रमांक दोन, गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याचं गटार.

“तुम्ही काहून बोलून राहिले जी मधात? तुमच्या घरापुढे तुंबून राहिली का?”

“सेक्रेटरी साहेब, हे मिनिट्समध्ये घ्या! यांनी मले असं म्हटलं म्हणून घ्या!”

“घेतो, घेतो,” असं म्हणत बाबा कच्च्या वहीत पेन्सिल चालवायचे. काय लिहितात ते मी एकदा मागून वाकून पाहिलं. आलूबोंड्यांचा हिशेब होता.

रविवारी सकाळी पक्की वही निघायची. माझं अक्षर बरं म्हणून बाबा सांगत आणि मी लिही. गडर लाइनच्या दुरुस्तीबाबत सविस्तर चर्चा होऊन खर्चास मंजुरी देण्यात आली. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. ही दोन नावं बाबा नेमकी त्या भांडलेल्या दोघांची घालायचे! एकानेही कधी हरकत घेतल्याचं मला आठवत नाही. “पण बाबा, भांडण?” मी विचारलं. “कशाला? उद्या सकाळी दोघं एकाच डेअरीवर उभे राहणार आहेत.”

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन आमच्या गावात भरतं, तेव्हा हेच सरकारी थाटात चालतं. सभागृहात कुणी वावगं बोललं की अध्यक्ष ते कामकाजातून काढून टाकायला सांगतात. दप्तरात तो शब्द राहत नाही, संध्याकाळपर्यंत बर्डीतल्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, प्रत्येक पानठेल्यावर असतो. 1920च्या डिसेंबरात याच नागपुरात काँग्रेसनं असहकाराचा ठराव मंजूर केला. त्या ठरावाचा मजकूर कुणाला पाठ आहे? पण जिना ‘मिस्टर गांधी’ म्हणाले आणि ‘महात्मा म्हणा’ असा मंडपात गलका झाला, हे सांगणारे पुष्कळ भेटतात.

माझी स्वतःची खोड वेगळी. सेक्रेटरींसाठीच्या मानकांत एक बारीक नियम आहे : चर्चा लिहायची तृतीयपुरुषी आणि भूतकाळात, ठराव मात्र वर्तमानकाळात. बोलणं बोलून झालं, ठरवणं अजून चालूच आहे. ऑफिसातली नवी पोरं याची सरमिसळ करतात आणि माझा रक्तदाब वाढतो. सभा संपल्याची वेळ न घालता नुसतं ‘आभार मानून सभा संपली’ असं कुणी लिहिलं तरी वाढतो. आता एक अॅप आलं आहे, ते सगळ्यांचं सगळं बोलणं उतरवून देतं, खोकल्यासकट. ‘करून राहिलो’चं त्यानं ‘कोरून राहिलो’ केलं, तेवढ्यापुरतं मला ते बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र मी कुणाच्या मेलवरून काढत नाही. ठरावाला एखाद्या संचालकाचा विरोध असेल तर तो, आणि त्याचं नाव. “मॅडम, एकच तर माणूस आहे, सर्वानुमते करून टाका ना,” असे फोन येतात. कायद्यातच आहे, असं सांगून मी फोन ठेवते. ते खरंही आहे.

आमच्या ले-आऊटमधली मोकळी जागा लग्नाच्या लॉनला भाड्याने द्यायची ठरली, तेव्हा गच्चीवर एकच हात विरोधात वर झाला होता. कोपऱ्यातल्या प्लॉटवरच्या काकूंचा. काका गेल्यावर त्या एकट्याच राहत, आणि लॉनची भिंत त्यांच्या स्वयंपाकघराला लागून येणार होती. त्यांनी आवाज चढवला नाही. ‘हे मिनिट्समध्ये घ्या’ असंही त्या म्हणाल्या नाहीत. हात वर केला की तो लिहिला जातो, असं त्यांना वाटत असावं. रविवारी बाबांनी सांगितलं, मी लिहिलं : सर्वानुमते मंजूर.

पुढच्या सभेत वाचन झाल्यावर काकू उठल्या. “मी तर नाही म्हटलं होतं जी.”

“बसा ना काकू, झालं आता,” कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात आलूबोंडे आले.

त्या सभेची नोंदही माझ्याच अक्षरात आहे. विषय क्रमांक एक : मागील सभेचे इतिवृत्त वाचून सर्वानुमते कायम करण्यात आले.