टपालपेटीवरचे नाव

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस मी भौतिकशास्त्रातील एम.एस्सी.साठी सांगलीहून जर्मनीतल्या लाइप्झिगला आले, तेव्हा अवघड कामे मागे पडली आहेत अशी माझी समजूत होती. भारतीय पदव्यांची कागदपत्रे तपासणाऱ्या एपीएस या जर्मन कार्यालयाचे प्रमाणपत्र मिळाले होते, सहा महिन्यांचा व्हिसा पासपोर्टवर होता, आणि त्याच महिन्यात लागू झालेल्या नव्या आकड्याप्रमाणे राहण्याच्या खर्चाचा पुरावा म्हणून लागणाऱ्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो, म्हणजे जवळपास अकरा लाख रुपये, बाबांनी कर्ज काढून भरले होते. हे पैसे आपलेच असले तरी हवे तेव्हा काढता येत नाहीत. दरमहा ९९२ युरो मोकळे होतात आणि तेही आपल्या नावाच्या चालू खात्यातच जमा होतात. मी निवडलेल्या बँकेला खाते उघडण्यासाठी पत्त्याच्या नोंदणीचा दाखला हवा होता, आणि नोंदणीसाठी घर देणाऱ्याचे सहीचे पत्र. तोवर जवळ होते ते निघताना आणलेले सातशे युरो.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत शहराच्या कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवणे जर्मनीत प्रत्येकाला बंधनकारक आहे. याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि इथे आलेला मराठी विद्यार्थीही आठवडाभरात हाच शब्द वापरू लागतो. नोव्हेंबर २०१५ पासून या नोंदणीसाठी नुसता भाडेकरार चालत नाही. ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्या जागेत राहते, असे जागा देणाऱ्याने लिहून द्यावे लागते.

माझी अडचण नेमकी इथेच आली. ज्युडफोरश्टाट भागातील तीन खोल्यांच्या घरात मी एक खोली घेतली होती. मूळ भाडेकरू एका सत्रासाठी दुसऱ्या देशात गेला होता आणि त्याने ती मला पोटभाड्याने दिली होती. कायद्याने असे पत्र मूळ भाडेकरूही देऊ शकतो, परंतु त्याने घरमालकाची परवानगीच घेतलेली नव्हती, त्यामुळे सही करायला तो कचरत होता. मी १ ऑक्टोबरला राहायला गेले, पहिले भाडे आणि अनामत देऊन झाली, हातात शंभरापेक्षा थोडे अधिक युरो उरले, आणि त्यानंतर मला कळले की डोक्यावर छप्पर असले तरी कागदोपत्री मला पत्ताच नाही. ही चौकशी मी पैसे देण्यापूर्वी करायला हवी होती. नोंदणीचे पत्र मिळेल का, हा एकच प्रश्न भारतात असतानाच विचारला असता तर पुढचे दहा दिवस मी इतकी धास्तावले नसते.

ते दिवस मी लाल मसुराची आमटी आणि भात यांवर काढले. लाल मसूर इथल्या कोणत्याही साध्या दुकानात मिळतो, हा मोठाच आधार होता. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी संध्याकाळी पैसे मोजून सामान आणायचे. आई रोज व्हिडिओ कॉलवर पत्ता विचारत असे, कारण तिला दिवाळीचा फराळ पाठवायचा होता, आणि मी रोज उद्या सांगते म्हणत होते. घरात माझ्यासोबत राहणाऱ्या दोघींनी मूळ भाडेकरूला समजावले, घरमालकाला जर्मन भाषेत रीतसर अर्ज लिहून दिला आणि ११ ऑक्टोबरला परवानगी आली. त्या दोघींचे उपकार मी विसरू शकत नाही. तोवर त्या मला जेमतेम ओळखत होत्या.

मुदत संपायला एक दिवस उरला असताना, १४ ऑक्टोबरला, नोंदणी झाली. प्रत्यक्ष काम दहा मिनिटांचे होते. पासपोर्ट, घर देणाऱ्याचे पत्र आणि अर्ज पाहून कर्मचारी बाईंनी मला धर्म विचारला. मी क्षणभर गोंधळले, कारण आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या संदर्भात विचारला जातो. इथे त्याचे कारण कराचे आहे. नोंदणीकृत चर्चचा सदस्य असलेल्या माणसाकडून प्राप्तिकरासोबत चर्चचा करही घेतला जातो, आणि इथल्या सॅक्सनी राज्यात तो प्राप्तिकराच्या ९ टक्के असतो. मला तो लागू नव्हता. बाहेर पडताना हातात शिक्का मारलेला दाखला होता, आणि मी ट्रामच्या थांब्यावर उभी राहूनच आईला पत्ता पाठवला.

त्या पत्त्यात एक त्रुटी होती, जी मला दिसली नाही. जर्मन पत्त्यात रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड आणि शहर असते. मजला किंवा घराचा क्रमांक सहसा नसतो. आमच्या इमारतीत दहा बिऱ्हाडे आहेत आणि दाराशी दहा टपालपेट्या. कोणते पत्र कोणत्या पेटीत टाकायचे, हे पोस्टमन पेटीवरचे नाव वाचून ठरवतो. सांगलीत आमच्या घरी नुसते आजोबांचे नाव आणि गल्ली लिहिलेले पत्रही येत असे, कारण पोस्टमनकाका तीस वर्षे त्याच गल्लीत येत होते. इथे ओळख म्हणजे ती पट्टी. आमच्या पेटीवर मूळ भाडेकरूचे आणि त्या दोघींचे नाव होते, माझे नव्हते.

नोंदणीच्या दुसऱ्या दिवशी मी खात्यासाठी अर्ज केला आणि पासपोर्ट घेऊन टपाल कार्यालयात जाऊन ओळख पटवली. कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्या पाकिटात, वेगवेगळ्या दिवशी येणार होते. दहा दिवस काहीच आले नाही. शेवटी मी बँकेला फोन केला, तेव्हा समजले की दोन्ही पाकिटे परत गेली आहेत आणि त्यांवर दिलेल्या पत्त्यावर ही व्यक्ती आढळत नाही, असा शेरा आहे. शिक्क्याचा दाखला माझ्या टेबलावर होता, तरीही मी त्या पत्त्यावर आढळत नव्हते. त्या रात्री मला घराची फार आठवण आली. एका मैत्रिणीने तेव्हाच कागदाची पट्टी कापून माझे आडनाव ठळक अक्षरांत लिहिले आणि चिकटपट्टीने पेटीवर व घंटीशेजारी लावले.

त्यानंतर पत्रांची रीघ लागली. बँकेची दोन्ही पाकिटे पुन्हा आली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ९९२ युरो जमा झाले. अकरा अंकी करक्रमांक आला, जो आयुष्यभर बदलत नाही. सार्वजनिक प्रसारण शुल्काचेही पत्र आले. ते तेव्हा महिना १८.३६ युरो होते आणि प्रत्येक घराला एकच असते, म्हणून आम्हा तिघींच्या वाट्याला प्रत्येकी ६.१२ युरो आले. नव्या विद्यार्थ्यांना हे ठाऊक नसल्याने कित्येकदा ते एकट्याने पूर्ण भरत राहतात. आईचे पार्सल दिवाळीनंतर बारा दिवसांनी पोहोचले. भेटवस्तूवर ४५ युरोपर्यंत सीमाशुल्क लागत नाही, म्हणून तिने चिवडा, चकल्या आणि गोडा मसाला यांची किंमत फॉर्मवर नीट लिहिली होती. चकल्यांचा चुरा झाला होता. तिघींनी तो चहासोबत दोन दिवसांत संपवला.

निवास परवान्याचा अर्ज मी नोव्हेंबरमध्येच केला, कारण व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी तो करणे आवश्यक असते. प्रवेशाचा दाखला, आरोग्य विमा, ब्लॉक्ड अकाउंटचा पुरावा, भाडेकरार, नोंदणीचा दाखला आणि छायाचित्र जोडले. डिसेंबरमध्ये बोटांचे ठसे दिले आणि १०० युरो भरले. हे कार्ड बर्लिनमध्ये छापले जाते. त्याच्या ऑनलाइन वापराचा पिन मात्र घरी टपालाने येतो. ते पत्र येणार म्हणून मी रोज पेटी उघडून पाहत असे, आणि एका शनिवारी ते पेटीत होते.

जानेवारीत इमारतीच्या देखभाल कर्मचाऱ्याने कागदी पट्टी काढून तिथे छापील पाटी बसवली. आडनावातले एक अक्षर चुकले होते. मी ते त्याच दिवशी दुरुस्त करून घेतले.