पाचशेचं चलन

सकाळी पोस्टमन कोर्टाची नोटीस देऊन गेला. आईने ओट्यावरूनच विचारलं, "काय करी उना रे भाऊ?" चोरी नाही, मारामारी नाही. २०१९ चं ई-चलन! हेल्मेट नव्हतं, दंड ५००. नाही भरला म्हणून लोकअदालतीला हजर व्हा.

गाडी केव्हाच विकली, पण चलन विकण्याआधीचं. मेसेज गेले जुन्या सिमवर, ते सिम कुठे गेलं कोणास ठाऊक.

जळगावला पोहोचलो तर माझ्यासारखे पन्नासेक उभे. एक काका केळीची कापणी अर्धवट टाकून आलेले, दर दोन मिनिटांनी फोनवर "ट्रक थांबव भो, आलोच" चालू. गेटवर एकाने हजार रुपयांत केस मिटवून देतो म्हटलं. पाचशेच्या दंडाला हजारची फी! लोकअदालतीत वकील लागत नाही, कोर्ट फी नाही, आणि तडजोड झाली की त्यावर अपीलही नाही, एवढं माहीत होतं म्हणून वाचलो.

नंबर लागला. टेबलावरच्या मॅडमनी स्क्रीन फिरवली, "हे तुम्हीच ना?"

मीच होतो. आणि मागे अण्णा बसलेले, मांडीवर बामणोदच्या वांग्यांची पिशवी. त्या रविवारी मळ्यात भरीत पार्टी होती. पुढच्याच वर्षी अण्णा गेले.

पैसे भरले, पावती घेतली. मग भीत भीत विचारलं, "मॅडम, या फोटोची प्रिंट मिळेल का?"

मागच्या रांगेत हशा पिकला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मोबाइलमध्ये काढून घ्या पटकन."